पुढच्या बसच्या मागे

यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझं तोंड वाकडं होऊ दे!

नवरीच्या मावशीने जावयासाठी आणलेला बुटांचा खोका घरी येऊन उघडला, तर दोन्ही बूट डाव्या पायाचे. लग्न दुसऱ्या दिवशी सकाळी. त्यात विहीणबाई म्हणजे नुसती सुरी. त्यांच्या नजरेला पडलं असतं तर पोरीला जन्मभर तेच ऐकावं लागलं असतं. मावशीने चहा तसाच ठेवला, खोका काखोटीला मारला आणि भर शहरातून शॉपिंग कॉम्प्लेक्सला जाणारी बस धरली.

ड्रायव्हर या रूटवर नवा. डेपोत साहेब म्हणालेले, "सोप्पंय. पुढच्या बसच्या मागे मागे जायचं." तो बिचारा इमानदारीत गेला. कॉम्प्लेक्ससमोर मोठा गोल चौक, मधे कारंजं. पुढची बस त्या चौकात वळली, ही तिच्या मागे. एक चक्कर झाली, दुसरी झाली. दुकानांची शटरं खाली यायला लागली, तरी बस थांबेना.

"अहो, थांबवा की!" मावशी ओरडली.

"स्टँड आला की थांबणार," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठंय स्टँड?"

"पुढची थांबेल तिथं."

कंडक्टरने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि तो मटकन खाली बसला. "मावशी, त्या बसचा ड्रायव्हरही आजच आलाय. त्यालाही साहेबांनी हेच सांगितलंय."

"मग तो कुणाच्या मागे चाललाय?"

"आपल्या!"

बसमध्ये एकच गलका झाला. फक्त एक जाडजूड गृहस्थ खुशीत होते. "फिरू दे हो. बायको खरेदीला आलीये, उतरली की संपलं," असं म्हणून त्यांनी पाय पसरले.

मावशी मात्र कारंज्यापलीकडच्या बसकडे टक लावून बघत होती. तिथल्या खिडकीत एक आजोबा रडवेलं तोंड करून दोन बूट शेजाऱ्याला दाखवत होते. तोच रंग, तीच लेस. आणि दोन्ही उजवे!

"ड्रायव्हरदादा, त्या बसला गाठा!"

"गाठून?"

"पुढे काढा!"

बसने कारंज्याच्या बाजूने जी मुसंडी मारली, ती थेट दुसरीच्या बरोबरीला. आता दोघांच्याही पुढे कुणीच नाही. मागे जायचं कुणाच्या? दोन्ही ड्रायव्हरांनी करकचून ब्रेक दाबले.

मावशी लोकांच्या मांड्या तुडवत पलीकडच्या खिडकीशी पोचली. "आजोबा, द्या एक इकडं!"

"आधी तुमचा द्या!"

"माझ्यावर विश्वास नाही?"

"दुकानदारावर ठेवला होता की!"

शेवटी दोघांनी एकदमच बूट फेकले. मावशीने पदरात झेलला, आजोबांनी टोपीत. दोन्ही बसमध्ये टाळ्या पडल्या. मग ड्रायव्हर एकमेकांना म्हणाले, "तुम्ही व्हा पुढे." "छे छे, आधी तुम्ही." तेव्हा लोक मुकाट्याने उतरून चालायला लागले. जाडजूड गृहस्थांना बायकोने दंड धरून उतरवलं.

दुसऱ्या दिवशी नवरदेव ऐटीत चालत आला. विहीणबाईंनी वरपासून खालपर्यंत बघितलं आणि भर मांडवात म्हणाल्या, "बूट आणावेत तर नवरीच्या मावशीनेच!"

बरं बाई, बरं. एवढं एक मी पदरचं घातलं. विहीणबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला चांगलं म्हटलंय? त्या म्हणाल्या, "मोजे कुठायत?"