काटे कुणाच्या बाजूला

गाडी नवऱ्यानं चालवायची आणि तिचे काटे बायकोनं वाचायचे, अशी वाटणी कुठल्याही शहाण्या माणसानं केली नसती. ती बेळगावच्या एका मिस्त्रीनं केली होती.

गाडी मूळची परदेशातली. दोघांपुरती, उघड्या टपाची, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. कुणा गोऱ्या इंजिनिअरनं ती इकडे आणली तेव्हा स्टिअरिंग डावीकडे होतं. मिस्त्रीनं ते उजवीकडे आणलं आणि तेवढ्यावर हात झटकले. स्पीड, पेट्रोल, टेंपरेचर, सगळे काटे होते तिथेच राहिले, डावीकडे. पुढं ती सदलग्याच्या कल्लाप्पा तंबाखूवाल्यांनी हौसेनं विकत घेतली आणि हौस फिटल्यावर (म्हणजे पोट स्टिअरिंगमागं मावेना तेव्हा) थोरल्या जावयाकडं, पिरनवाडीच्या भरमूकडं धाडली.

"यंदा जत्रंला गाडी घिऊन या, जावयबापू. धड दिसली तर कायमची तुमची. न्हायतर धाकटं जावई हाईतच."

धाकटे जावई म्हणजे निपाणीचा रवळू. घरचा ट्रॅक्टर होता त्याच्याकडे, तरी त्याचा डोळा गाडीवर होता. त्यामुळे भरमू गाडीला तळहातावरच्या फोडासारखं जपत होता.

भरमू कॉलेजात हेडक्लार्क. त्याच्या सहीशिवाय तिथं खडूचा डबासुद्धा हलत नसे. पण गाडीत बसला रे बसला की डावीकडून जयाबाई सुरू व्हायची. ती बापाचा ट्रॅक्टर चालवत मोठी झालेली, त्यामुळे तिला भीड कसली ती नव्हतीच.

"अवो, चाळीस झालं."

"हूं दे की."

"पंचेचाळीस! पोरं घरात हाईत, जरा ध्यानात घ्या."

"गाडी कोण चालवतंय, जया?"

"काटं कुणाम्होरं हाईत?"

खंडेनवमीला तर तिनं एकूण एक काट्याला हळदकुंकू लावलं आणि स्टिअरिंगला लावायचं विसरली. हे भरमूच्या फार मनाला लागलं. जत्रेच्या आदल्या रविवारी ती बांगड्या भरायला शहापूरला गेली आणि त्यानं करवत, पाना, पक्कड बाहेर काढली.

लाकडी डॅशबोर्डला उजवीकडे नवी भोकं पाडून त्यानं सगळे काटे आपल्यासमोर आणले. मागं तारांचा गुंता होता आणि म्हातारपणामुळे सगळ्या तारा एकाच रंगाच्या झाल्या होत्या. भरमूनं त्या अंदाजानं जोडल्या. (ऑफिसात फायलीही तो तशाच लावत असे, आणि आजवर कुणी तक्रार केली नव्हती.) डावीकडं उरली नुसती गोल भोकं.

जयाबाई परत आली आणि भोकांकडं बघतच राहिली. "आन हिकडं काय?"

"हिकडं वारा येतोय. तुला उकडतंय न्हवं?"

त्या रात्री भरमूला लग्नानंतर पहिल्यांदाच इतकी गाढ झोप लागली.

जत्रेच्या दिवशी निघताना पेट्रोलचा काटा पार तळाला होता. बेळगावात पंपावर भरू म्हणून भरमू निघाला. पंप आला तेव्हा काटा अर्ध्यापर्यंत चढलेला! भरमूनं डोळे चोळले.

"जया, पेट्रोल वाढलंय."

"येडबीड लागलं काय?"

ती त्याच्या अंगावरून वाकली आणि बघून तीही हबकली. त्यात टेंपरेचरचा काटा हळूहळू उतरत होता, म्हणजे इंजिन चालून चालून गार होत होतं. असली गाडी उभ्या कर्नाटकात नसेल. भरमूनं पंप मागं टाकला.

हत्तरगीला चहाला थांबले. चहा पिऊन येतात तर पेट्रोल खाली आलेलं. भरमू हेडक्लार्क असल्यामुळे त्यानं ताबडतोब निष्कर्ष काढला.

"थांबलं की पेट्रोल उतरतंय, पळवलं की चढतंय. मग थांबायचंच कशाला?"

"यल्लम्माची किरपा," म्हणत जयाबाईनं तिथंच चाकापुढं नारळ फोडला.

तवंदीच्या घाटात काटा भराभरा चढला. भरमूचा हर्ष पोटात मावेना. सासऱ्याला काय सांगू नि कसं सांगू असं त्याला झालं होतं. एवढ्यात काटा 'फुल'च्याही पलीकडे गेला.

"अवो, टाकी उतू जाईल की!"

आणि बॉनेटखालून फस्सकन पांढरा लोट उठला. दरवाजा उघडायचं भान भरमूला उरलं नाही. तो वरूनच उडी मारून रस्त्याकडेच्या चरीत पडला.

"पेट्रोल उतू गेलं! जया, पळ!" (हे त्यानं चरीतून सांगितलं.)

गाडी उतारावर मागं सरकायला लागली. जयाबाईनं मात्र सरकून ब्रेकवर पाय ठेवला आणि हँडब्रेक कचकन ओढला. मग चाकाला दगड लावला, वाफ निवेपर्यंत थांबली, पदर गुंडाळून झाकण काढलं आणि घागरभर पाणी आणून इंजिनाला पाजलं. किल्ली फिरवली तर पेट्रोलचा काटा खाली आलेला.

"पाणी इंजिनाला पाजलं आन पेट्रोल उतरलं?" तिनं हळूच मान वळवली. "अवो, कुटल्या तारा कुटं जोडल्यासा?"

भरमू चरीतच बसून राहिला. गाडी काही सुरू होईना. तिनं टाकीत काडी घालून बघितली, ती कोरडी निघाली.

"म्हंजी गार होत हुतं ते इंजिन न्हवं. ते पेट्रोल संपत हुतं."

एका ट्रकवाल्यानं निपाणीला निरोप दिला आणि रवळू ट्रॅक्टर व दोरखंड घेऊन हसत हसत आला. भरमू अंगावरची माती झटकत डावीकडं बसला. स्टिअरिंग जयाबाईनं धरलं.

भर जत्रेत ट्रॅक्टरमागून गाडी सदलग्यात शिरली. कल्लाप्पांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"ही भोकं कशाला गं, जया?"

"वाऱ्याला, आप्पा," जयाबाई म्हणाली. भरमूला तिच्या पाया पडावंसं वाटलं. पण रवळू गप्प बसतोय होय!

"आप्पा, घाटात ह्यो गडी उडी टाकून चरीत, आन ब्रेक वढला आक्कानं! आता गाडी कुणाला द्याची, तुमीच बघा."

"बघितलं," कल्लाप्पा म्हणाले. "ज्यानं ब्रेक वढला, गाडी त्याची. जया, किल्ली तुज्याकडं ठेव."

दोन्ही जावयांनी आ वासला, तो जत्रा उठेपर्यंत मिटला नाही.

आता गाडी जयाबाई चालवते. तारा जागच्या जागी गेल्या. काटे मात्र भरमूनं आणले तिथेच आहेत, उजवीकडे, तिच्यासमोर. भरमू डावीकडं भोकांपुढं बसतो. परवा काकतीच्या रस्त्यावर त्याची टोपी उडाली, तेव्हा त्यानं सगळा धीर गोळा केला.

"जया, स्पीड किती झालंय गं?"

जयाबाईनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"वारा येतोय न्हवं? मग गप बसा."