ऑर्व्हिलच्या रायफलीचा भाव

"बाबा, विकून टाका ती रायफल," जनेल फिनिक्सहून फोनवर म्हणाली. "आईला समुद्र दाखवायचे पैसे तुम्ही त्या रायफलीत घातलेत. आणि म्हणे गुंतवणूक!"

"मग? चाळीस वर्षांत दहापट झालीय किंमत."

"सगळंच दहापट झालंय, बाबा. ब्रेडसुद्धा."

ऑर्व्हिल चेटरने फोन ठेवला. त्याच्या बायकोला, लव्होनला, जाऊन दोन हिवाळे झाले होते आणि तिचा समुद्र बघायचा राहूनच गेला होता. दक्षिण डकोटातल्या त्या एवढ्याशा गावात त्याच्या दाराची बेल महिनोन्महिने वाजत नसे. शेवटी धान्य सोसायटीच्या फलकावर त्याने चिठ्ठी लावली: 'जुनी रायफल. अठराशे डॉलर. घरी येऊन बघा.'

दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, मर्ल हॉफर आला. नदीपलीकडचा, एकटाच राहणारा, गुडघेदुखीने बेजार. त्याने रायफल उचलली, नळीतून डोकावून पाहिलं, आणि मग दोन तास गुडघ्याबद्दल बोलला. कॉफीचे तीन कप आणि दालचिनीचे दोन रोल संपवले. "विचार करून सांगतो," म्हणून गेला. ऑर्व्हिलने कप विसळले तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपण शीळ घालतोय.

गुरुवारी एक ट्रकवाला आला आणि सरळ पाकीट काढून म्हणाला, "अठराशे ना? हे घ्या."

ऑर्व्हिलने रायफल जवळ ओढली. ही गेली, की दाराशी कोण येणार?

"अहो, ती जुनी चिठ्ठी," तो घाईघाईने म्हणाला. "आता पंचवीसशे."

"दोन दिवसांत?"

"भाव चढलाय."

ट्रकवाला चडफडत गेला आणि सोसायटीत जाऊन बोंबलला. त्याचा परिणाम उलटाच झाला. ज्या वस्तूचा भाव दोन दिवसांत सातशेने चढतो ती बघायला गाव लोटलं. दात काढणारा डॉक्टर आला, चर्चमधला ऑर्गनवाला आला. ऑर्व्हिलने तीन हजार सांगितले, मग चार. रोल कमी पडायला लागले. गावातला बंदुकीचा दुकानदार स्वतः आला, कॉफी प्यायला आणि परत जाऊन त्याने आपल्या मालावरच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलल्या. लोक विचारू लागले, "ऑर्व्हिल, पेन्शनचे पैसे बँकेतून काढून बंदुकांत घालू का?"

"घाईत ठरवू नका," ऑर्व्हिल गंभीरपणे सांगायचा. "पुन्हा एकदा येऊन बघून जा."

मर्ल मात्र दर बुधवारी यायचा. प्रत्येक वेळी नळीतून डोकावायचा आणि विचार करून सांगतो म्हणायचा.

आकडा सहा हजारांवर गेला तेव्हा ऑर्व्हिल निर्धास्त झाला. एवढे कोण देतंय! मग मंगळवारी सकाळी शहरातून एक बाई आल्या. गाडी चालूच ठेवून दारात उभ्या राहिल्या.

"सहा हजार ना? हा बँकेचा चेक."

"आत तरी या. कॉफी टाकलीय."

"वेळ नाही हो मला."

"भाव तसा... वाढायच्या बेतात आहे."

"तुम्ही माणसांसमोर बोललायत सहा हजार. शब्दाचे पक्के आहात ना?"

ऑर्व्हिल शब्दाचा पक्का होता. पाच मिनिटांत रायफल गेली.

"बाबा, तुम्ही जिंकलात!" जनेल ओरडली. "खरंच गुंतवणूक निघाली की!"

"हो ना," तो म्हणाला. फोन ठेवल्यावर घरात फ्रिजची घरघर तेवढी ऐकू येत राहिली.

गावभर बातमी पसरली. बघायला काही उरलंच नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणी फिरकलं नाही. तीनच्या सुमारास बेल वाजली. दारात मर्ल.

"गेली रे रायफल," ऑर्व्हिल म्हणाला. "काल."

"ऐकलं मी." मर्ल टोपी हातात फिरवत राहिला. "मला तशी घ्यायची नव्हतीच. बंदुकांतलं मला काही कळत नाही, ऑर्व्हिल. नळीतून काय बघायचं असतं तेही माहीत नाही."

मर्ल पायरी उतरायला वळला. दुखरा गुडघा आधी, मग दुसरा.

"लव्होनचं शिवणयंत्र आहे," ऑर्व्हिल एकदम म्हणाला. "विकावं म्हणतोय."

मर्ल थांबला. "शिवणयंत्राचं मी काय करू?"

"बघायला काय हरकत आहे?"

"तशी काही नाही," मर्ल पायरी चढत म्हणाला. "किती सांगतोस?"

"अजून ठरवलं नाही. आधी बस तर खरा."