बकारामची नाडी

भात सोडायचा की पट्टा बांधायचा, एवढंच बकारामला ठरवायचं होतं. तिरोड्याच्या डॉक्टरांनी शुगर आणि बीपी पाहून सांगितलं, भात कमी, चालणं जास्त. आता बोदलकसा तळ्याकडच्या माणसानं भात सोडला तर मासोळीचा रस्सा काय नुसता प्यायचा?

म्हणून नागपूरला नर्स असलेल्या लेकीनं, दामिनीनं, मनगटाला बांधायचा एक पट्टा पाठवला. नाडी, पावलं, झोप, सगळं घरच्या मोबाइलातून थेट तिच्या मोबाइलवर.

"आकडे चांगले आले तर पोटभर भात खा, बाबा. नाही तर मी येऊन तुमाले नागपूरले नेईन. तिथं पोळीच भेटन."

बकाराम पट्ट्यावर फिदाच झाला. ना सुई, ना रक्त! पानठेल्यावर मनगट नाचवत म्हणाला, "पोरगी नागपूरले बसून बापाची नाडी पाहून राहिली! आहे काय कोणाची अशी?"

(चालणं मात्र खाट ते पानठेला, एवढंच.) संध्याकाळी फोन आला, "बाबा, आज पाय घरी ठेवून गेलते काय?"

भात धोक्यात आला. दुसऱ्या दिवशी धानाची रोवणी लागली, तसा बकारामनं पट्टा हळूच बायकोच्या, अन्नपूर्णाच्या, हाताला बांधला.

"कायले?"

"चिखलात चालते का पाहू."

बांधावर बसल्यावर त्याला घाम फुटला. रोवणीत बाया रोपं लावत मागं मागं सरकतात. मशीन उलटी पावलं वजा करत असेल तर?

पण मशीन भल्या मनाचं निघालं. "बाबा, किती चालले हो!" दामिनी फोनवर गहिवरली. बकारामनं नम्रपणे दुसऱ्यांदा भात घेतला. आठवडाभर घेतला.

मग एका संध्याकाळी जेवताना तिचा फोन आला. बकारामनं ऐटीत स्पीकर लावला.

"बाबा, काम करताना नाडी चढते, ते बरोबर आहे. झोपही मस्त. पण रोज संध्याकाळी बसल्या जागी नाडी एकदम वर जाते. तवा काय होते घरी?"

"तवाच मी घरी येतो ना बाई!" बकारामला संधीच मिळाली. "तुयी आई सुरू होते. माणसाचं काळीज किती सोसन?"

अन्नपूर्णानं पळी ठेवली आणि मनगट वर केलं. पट्ट्याच्या फटीत धानाच्या बांधीतला चिखल वाळला होता.

"दामिनी, पट्टा माया हाताले आहे. रोवणी लागली तवापासून."

बकारामनं भाताचं ताट हळूच जवळ ओढलं.

"आई," दामिनीचा आवाज भरून आला, "दिवसभर वाकून एवढं काम, अन् काळीज कसं ठणठणीत! धन्य आहे तुयी. पण मग... बाबा घरी आले का तुयी नाडी चढते?"

"घरी आल्यावर नाई. फाटक वाजलं का."

इलाज लेकीनं लगेच सांगितला. पट्टा आईच्याच हाती राहील, भात अर्धा होईल आणि बाबा रोज संध्याकाळी तळ्याकडं चालायला जातील. दुसऱ्या संध्याकाळी बकाराम मुकाट्यानं गेला. पाय दुखेस्तोवर चालून परतला, तर फोन वाजतच होता.

"बाबा, औषध लागू पडलं!" दामिनी खुशीत होती. "आईची नाडी एकदम शांत. उद्या जरा अजून दूर जा."