खर्चासकट निकाल

दामूकाकांनी स्वतःच्या सासऱ्यांच्या दहाव्याला भटजींकडून नारळ वसूल केला होता. मी समोर उभा होतो. पिंडाला कावळा कुठल्या बाजूनं येणार यावर दोघांची जुंपली, कावळा काकांनी सांगितलेल्या बाजूनं आला, आणि काकांनी हात पुढे केला. "हारलात. आता खर्च टाका." आम्ही मंडळी गारच पडलो.

काका कोर्टात बेलीफ होते. पेण तालुकाभर समन्स बजावत हिंडले. 'दावा खर्चासह मंजूर' हे शब्द त्यांच्या अंगात इतके भिनले, की निवृत्तीनंतर त्यांनी अख्ख्या गावाला तोच कायदा लावला: हरेल त्यानं जिंकणाऱ्याचा खर्च द्यायचा. रोह्याची एसटी वाटेत गडब गावाला थांबते की नाही यावर एकदा मी वाद घालायची चूक केली. काकांनी मला गाडीत बसवून गडबला नेलं. गाडी थांबली. येण्याजाण्याचं तिकीट, चहा, वर 'बोलून घसा सुकला त्याचा' सोडा, सगळं माझ्याकडून काढलं. माणूस आहे की जळू, असं मी घरी येऊन म्हणालो.

त्यांची एकुलती एक लेक वैशाली परदेशात नर्स. तिथे राहायचा तिचा परवाना वाढवायला तिकडच्या सरकारनं नकार दिला आणि प्रकरण इमिग्रेशनच्या कोर्टात गेलं. निकालाआधी देश सोडला तर अपील बाद. त्यामुळे काकी गेल्या तेव्हाही पोरीला येता आलं नाही.

त्यातच तिच्या वकिलानं सांगितलं, की अशा खटल्यात जिंकलात तरी ज्याचा खर्च त्यानंच सोसायचा. काका ओट्यावर मटकन बसले. काकी गेल्या तेव्हाही मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"जिकलेल्यानं खर्च सोसायचा? मास्तर, मंग हारणाऱ्याला शिक्षा ती काय?"

पण एक फट निघाली. समोरच्यांनी विनाकारण खटला लांबवला असेल, तर खर्च मागता येतो. सरकारचा माणूस तर सुनावणीला कागदांशिवायच आला होता आणि तारीख पुढे गेली होती. हे कळल्यावर काकांनी भर बाजारात माझ्या पाठीत आनंदानं असा गुद्दा घातला, की मी कळवळलो.

वैशाली जिंकली. खर्चाचा अर्ज तेवढा बाकी राहिला. एका दुपारी मी काकांकडे चहा पीत असताना तिचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"बाबा, सरकारवाले म्हणतात खर्चाचा अर्ज मागे घ्या, आम्ही वरच्या कोर्टात जात नाही. नाहीतर जाणार. मग तो निकाल लागेपर्यंत मला काही घरी येता येणार नाही. पण वकील म्हणतो, खर्च नक्की मिळेल. लढूया ना?"

उत्तर काय येणार ते मला पाठ होतं.

"सोड," काका म्हणाले.

मी बशी खाली ठेवली. तिकडे वैशालीचाही विश्वास बसेना.

"अहो बाबा, हक्काचा खर्च आहे आपला!"

"हाय ना. तरी सोड."

"पण का?"

काकांनी माझ्याकडे पाठ फिरवली. आवाज एकदम खाली आला.

"दिवसभर सगळ्या पेणशी भांडतो गो बाय, तेवढाच येळ जातो. संध्याकाळी कडी लावली का घरात बोलायला कोण नाय. तू ये."