त्रेचाळीसपट लहान डबा

चालत्या गाडीला कोणी हार घालत नाही. तिला आधी बंद पडावं लागतं, मग तिची प्रतिकृती व्हावी लागते, आणि मगच ती वारसा ठरते.

अमरावतीचे निवृत्त वकील मोरोपंत यांनी हे राष्ट्रकार्य तीन वर्षांत तडीस नेलं. साहेबाच्या काळात वऱ्हाडातला कापूस वाहणाऱ्या मालडब्याची त्यांनी त्रेचाळीसपट लहान प्रतिकृती केली. रिव्हेट मुळात होते तितकेच. (एक कमी भरला तेव्हा पंत दोन दिवस धड जेवले नाहीत.) गंजसुद्धा बारीक ब्रशने जागच्या जागी लावला. मूळ डबा मधल्या काळात भंगारात गेला, पण त्याचा गंज आता सुरक्षित आहे.

प्रतिकृतीचे फायदे आमच्या स्मारक समितीने अहवालात नोंदवले आहेत (चिटणीस मीच). हा डबा उशिरा येत नाही, कारण येतच नाही. मालाविषयी तक्रारी शून्य. मालही शून्य, पण तो तपशील परिशिष्टात आहे.

प्रश्न राहिला जागेचा. मूर्तिजापुरात स्टेशनासमोरच्या कडुलिंबाखाली तानुबाई वर्षानुवर्षं भाजी विकतात. पूर्वी त्यांची टोपली गाडीने यायची, ती गाडी बंद पडल्यापासून जीपच्या टपावरून येते. तिथे सावली तेवढी एकच. उन्हाने प्रतिकृतीचा रंग उडतो. तानुबाईंचा उडायचा तो केव्हाच उडालेला. तेव्हा समितीने एकमताने काचपेटी सावलीत ठेवली आणि तानुबाईंना पलीकडे उन्हात बसवलं. मालवाहतुकीच्या स्मारकाला मालाची अडचण नको.

उद्घाटनाच्या तोंडावर मात्र पंतांना डबा ओकाबोका वाटू लागला. शेजारी काहीतरी जिवंत हवं. मग त्यांनी तानुबाईंना समोर बसवून त्यांचीही प्रतिकृती केली. बोटाच्या पेराएवढी बाई, हिरवं लुगडं, पुढ्यात मेथीची टोपली.

उद्घाटनाला तानुबाई आल्या आणि काचेला नाक लावून बराच वेळ पाहत राहिल्या.

"वकीलसायेब, हे मीच आहो ना?"

"तुम्हीच. लुगड्याचं ठिगळसुद्धा सोडलं नाही."

"मंग तिले सावलीत बसाले जागा देली, मले काहून नाई?"

मोरोपंतांनी चष्मा पुसला. मला वाईट वाटलं, पण इतिवृत्तात त्यासाठी रकाना नाही.

"ती मापात बसते, बाई," पंत म्हणाले.

हे वाचून तुम्हाला समितीचा राग आला असेल. साहजिक आहे. पण अकोल्याहून अमरावतीला जाताना तुम्हीही इथे थांबला होतात. ती चिमुकली मेथी पाहून "किती खरी वाटते," म्हणालात आणि पेटीसमोर फोटो काढलात. मागे टोपली घेऊन कोणी बाई फोटोत येत होत्या, त्यांना तुम्ही जरा बाजूला व्हायला सांगितलंत. त्या झाल्या. फोटो छान आला आहे.