त्यार्कच्या नावाचा दगड

त्यार्क हायुंगानं सकाळपासून तिसऱ्यांदा मिशी विंचरली आणि त्याच्या बायकोनं, गेशेनं, तिसऱ्यांदा तिकडे काणाडोळा केला. प्राध्यापक लिओनहार्ट थेट दक्षिणेतून तीन गाड्या बदलून फ्रीजलंडच्या या किनाऱ्यावर येणार होते, तेही फक्त त्यार्कला भेटायला. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटलेल्या माणसाला उतारवयात एका विद्वानाचं पत्र आलं होतं आणि ते त्यानं अख्ख्या गावाला वाचून दाखवलं होतं.

प्रकरण असं होतं. प्राध्यापकांच्या गावालगतच्या खाणीत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा एक दगड निघाला होता. त्यावर पाचसहा नागमोडी रेघा आणि अधूनमधून टोचल्यासारखे खड्डे. हा माग खेकड्याचा, गोगलगाईचा की किड्याचा, यावर विद्वान वीस वर्षं भांडत होते. त्यार्कनं वर्तमानपत्रात त्याचं चित्र पाहिलं आणि कळवून टाकलं, "हा प्राणी ओहोटीला आमच्या बांधाखालच्या चिखलात फिरतो. सोबत प्लास्टरचा ठसा पाठवतोय." उत्तर आलं, "ठसा हुबेहूब जुळतो. ताजा माग स्वतः पाहिला, तर दगडाला तुमचं नाव देऊ."

गावात त्यार्कच्या शब्दाला तशी फार किंमत नव्हती. मागे देवमाशाची बरगडी म्हणून त्यानं जे गुत्त्यात मिरवत आणलं, ते गुत्त्याच्याच छपराचं पन्हळ निघालं होतं. या वेळी फजिती झाली तर त्याला गुत्त्यात तोंड दाखवायची सोय उरली नसती.

प्राध्यापक साडेदहाला आले. माग चिखलात हजर होता, त्यार्क नऊलाच बघून आला होता. बाराच्या आत तिथं भरतीचं पाणी येणार होतं. पण या भागात पाहुणा चहाशिवाय उंबरा ओलांडत नाही आणि चहा म्हणजे तीन कप. दोनावर उठणं म्हणजे घरच्या बाईचा अपमान.

"बसा हो निवांत," कपातल्या खडीसाखरेवर चहा ओतत गेशे म्हणाली. "समुद्र काय पळून जातोय?"

"तो पळून येतोय, हीच पंचाईत आहे," त्यार्क पुटपुटला.

तिसरा कप संपल्यावर प्राध्यापकांनी चमचा कपात ठेवला. इकडे त्याचा अर्थ 'पुरे' असा, हे त्यार्कनं त्यांना पत्रातच पढवून ठेवलं होतं. गेशेनं चमचा उचलला. "साय चिकटलीय बघा, विसळून आणते," म्हणाली आणि चमचा नसलेल्या कपात चौथा चहा ओतला. पाचव्या आणि सहाव्या कपालाही तेच झालं.

"गेशे, भरती!"

"भरती दिवसातून दोनदा येते. प्राध्यापकसाहेब पहिल्यांदा आलेत."

सहा कप रिचवून ते बांधावर पोचले, तेव्हा समोर नुसतं पाणी होतं.

"इथंच होता हो," त्यार्क म्हणाला.

"असेल, असेल," प्राध्यापक म्हणाले. त्या 'असेल'पेक्षा ते हसले असते तरी परवडलं असतं. त्यार्कला रडूच यायचं बाकी राहिलं.

परत येताना सहा कपांनी आपलं काम केलं आणि प्राध्यापकांना घाई झाली, म्हणून त्यार्कनं त्यांना जवळच्या वाटेनं परसातून नेलं. फाटकापाशीच प्राध्यापक थबकले. ओल्या मातीत, फाटकापासून गुलाबांच्या वाफ्यापर्यंत, नागमोडी रेघा आणि टोचे. माग संपत होता तिथं शिंपल्यांसकट उपटलेल्या समुद्रशेवाळाची ओली मोळी पडली होती. तिला दोर बांधलेला होता आणि दोराला गेशेचे हातमोजे.

काखेत कळसा म्हणतात तो हा. गेशे मागच्या दारात उभी होती.

"मीच तो प्राणी," ती म्हणाली. "गुलाबांना याच्यासारखं खत नाही. डॉक्टरांनी ओझं उचलू नको म्हटलंय, ओढू नको कुठं म्हटलंय? शिवाय मोळी मागनं आली की माझी पावलंही पुसली जातात, म्हणजे तू ओरडायला नको."

"अगं, त्याच मागाचा दुसरा ठसा मी सहा आठवडे चुलीवर टांगलाय!"

"पहिल्याच दिवशी ओळखला. पण तू इतका खुशीत होतास रे. काय सांगू, तुझ्या प्राण्याला गुडघेदुखी आहे म्हणून? म्हटलं, भरती येईस्तोवर चहा पाजावा. पुसल्या मागाला कोण हसतंय?"

त्यार्कला एकाच वेळी तिचा राग आला आणि तिला मिठी मारावीशी वाटली. दोन्ही जमेना, म्हणून तो नुसता उभा राहिला.

प्राध्यापक घाईबिई विसरून मातीत पालथे पडले होते. "वीस वर्षं आम्ही पाय मोजतोय," ते म्हणाले, "आणि याला पायच नाहीत. शेवाळ आहे हे, प्रवाहानं तळावरून ओढत नेलेलं. रेघा देठांच्या, टोचे शिंपल्यांचे." मग ते उठले, गुडघे झटकले. "बाई, तुमचं नाव कसं लिहायचं? आणि शौचालय कुठं आहे?"

दगडाखाली आता 'गेशेची मोळी' अशी पाटी आहे. प्राध्यापकांना ताडून बघायला आणखी वीस ठसे हवे आहेत. गेशेचे गुडघे लक्षात घेता मोळी ओढायचं काम त्यार्ककडे आलं. ओहोटीला गुत्त्यातली मंडळी बांधावर जमतात. त्यांच्या मधोमध गेशे खुर्ची टाकून बसते आणि खाली चिखलात वाकलेल्या त्यार्कला सांगते, "सरळ ओढ रे. माझ्या नावाचा माग आहे तो."