निमजेकाकांचा हुक

निमजेकाका कम्प्युटरसमोर बसत नाहीत. उभे राहतात आणि त्याला हातांनी इशारे करतात. तळवा खाली, म्हणजे हळू सोड. मूठ आवळली, म्हणजे थांब! स्टील प्लांटात आयुष्यभर क्रेनच्या केबिनमधून त्यांनी खालच्या माणसाचे इशारे पाळले. आता रिटायर होऊन सेक्टर सहाच्या क्वार्टरमध्ये त्याचा बदला घेत आहेत.

त्यांची पुतणी रायपूरला संशोधन करते. तिच्या प्रयोगांच्या फायली काका घरच्या कम्प्युटरवर चालवतात. मला त्यांनी समजावलं ते असं: "जंतू मेला तरी त्याचं जहर रक्तात फिरून राहते, भाऊ. हे पेप्टाइड, प्रोटीनचा बारका तुकडा, म्हणजे आपला हुक. तो त्या जहराले धरते का सोडते, ते आधी कम्प्युटरात पाहाचं."

तो कम्प्युटर मीच विकला. सायकलवर जुने कीबोर्ड विकत दुकानापर्यंत आलेला माणूस मी. सौद्यात कुणाला हार गेलो नाही. काकांना गेलो. किमतीवर ते एक शब्द बोलले नाहीत. मी खूश! तेवढ्यात म्हणाले, "एक साल घरी येऊन फुकट दुरुस्ती. कागदावर लिहून दे." मी लिहून दिलं. ते अजून डाचतं.

दर मंगळवारी फोन. "भाऊ, पडदा काळा झाला रे!" मी तणतणत जायचो. दर वेळी बिघाड एकच: पडद्याची वायर ढिली.

"काका, तुमच्या घरात भूकंप होते का?"

"उंदीर असन," म्हणत ते चहा टाकायचे.

उंदीर मोठा शहाणा. आत गणित चालू असायचं, पण विजेच्या मेन वायरीला त्याने कधी तोंड लावलं नाही.

चहा होईपर्यंत पाहावंच लागे. निळं पेप्टाइड हेलकावत लाल विषाजवळ येई, चिकटे आणि सुटे. वर्षभरात अशी सहा पेप्टाइडं सुटली. मी ओरडायचो, "धर ना बे!"

"हुकाले घाई नसते," काका म्हणायचे.

वारंटीच्या शेवटच्या दिवशी भर दुपारी फोन आला. आज चांगलं सुनवायचंच, असं ठरवून गेलो. वायर खोचली. पडद्यावर सातवं पेप्टाइड.

आलं. चिकटलं. विष हिसडे देऊ लागलं.

"सुटते, काका!"

"गप ऱ्हा!"

पेप्टाइड वाकलं, वळलं, विषाच्या खाचेत शिरलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं. मी टेबलावर थाप मारली. काकांनी मला मिठीच मारली. "औषध नाही झालं अजून," ते धापा टाकत म्हणाले, "लॅबमधी पास व्हाचं हाय. पण धरलं, भाऊ, धरलं!" त्यांनी पुतणीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती. फोन ठेवून ते माझ्याकडेच पाहत राहिले.

मी वायरीचं टोक पुन्हा घट्ट करायला वाकलो. गेल्या मंगळवारी दोन्ही स्क्रू मी पेचकसाने आवळले होते. उंदराला स्क्रू फिरवता येत नाहीत. ओट्यावर दोन कप मी येण्याआधीच मांडलेले होते.

मी पेचकस खिशात टाकला. एवढंच म्हणालो, "वारंटी संपली, काका."

"मालूम हाय." ते चहा गाळत होते. "आता कशाले येशीन तू?"

"एक साल वाढवतो. पण चहासोबत चिवडा पाहिजे."

काकांचे डोळे चमकले. "चिवडा एक मंगळवार सोडून."

"दर मंगळवारी! नाही तर चाललो मी!" मी ताडकन उठलो.

काकांनी मूठ आवळली.

मी बसलो.